पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याला हिणविण्याकरितां वापरतों. ज्याला स्थिर घर नाहीं, ज्याचा मुक्काम आज येथें तर उद्यां तेथें, त्याच्याविषयीं गृहस्थाश्रमी माणसाच्या मनांत जी किंचित् दया व किंचित् तुच्छता असते, ती या म्हणींत उतरली आहे. परंतु गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत पाश्चात्त्य देशांतील सुखवस्तु गृहस्थांनीं हेंच बिऱ्हाड हौसेनें पाठीवर घेतलें. त्यासाठीं पैसा खर्च केला, मंडळें स्थापिलीं, कारखाने उभारले. मोटारीच्या मागें जोडावयाचें, चाकांवरचें, निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेलें हें लहानसें घर इंग्लंडांत कॅराव्हॅन व अमेरिकेंत ट्रॅव्हल ट्रेलर या नांवानें ओळखलें जातें.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका पुतण्याच्या पत्रामुळें. तो पुष्कळ वर्षें अमेरिकेंत आहे. घरांत पत्नी व दोन लहान मुलें, आणि दारांत एक मध्यम आकाराची मोटार. सुटींत रानांतल्या मुक्कामाला जाण्यासाठीं ट्रेलर घ्यावा, असें उभयतांनीं ठरविलें. परंतु तो १३ फुटांचा घ्यावा कीं २५ फुटांचा, यावर घरांत एकमत होईना. पुतण्याला लहान हवा होता. आमच्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं, पाऊस लागला तर दोन मुलांना घेऊन त्या डबींत बसावें कसें? "काका, तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक. इतिहास यावर कांहीं सांगतो का?" असें त्यानें अर्धवट थट्टेनें विचारलें होतें. मीं तो प्रश्न जरा गंभीरपणें घेतला. आणि शोध घेतां घेतां माझी अशी खात्री झाली कीं, इतिहास यावर बरेंच कांहीं सांगतो, व त्यांतील कांहीं भाग सूनबाईंच्या बाजूचा आहे.

निव्वळ हौसेखातर बिऱ्हाड चाकांवर घालून निघालेल्या गृहस्थांत गॉर्डन स्टेबल्स याचें नांव प्रथम घेतलें जातें. ब्रिटिश आरमारांतून निवृत्त झालेला हा स्कॉटिश डॉक्टर मुलांसाठीं साहसकथा लिहून प्रसिद्धीस आला होता. १८८५ सालीं त्यानें ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्यांतून 'वाँडरर' नांवाची एक घोड्यांची गाडी मुद्दाम बांधवून घेतली. लांबी १८ फूट, वजन जवळजवळ दोन टन, आणि आंत उंची लांकडाचें काम. ओढावयास दोन घोडे. सोबतीला गाडीवान, खासगी नोकर, एक दांडगा कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई आणि समोरून येणाऱ्यांना या अवजड स्वारीची वर्दी देई. अशा थाटांत ही गाडी दक्षिण इंग्लंडांतून निघून स्कॉटलंडच्या उत्तरेस इन्व्हरनेसपर्यंत पोंचली. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनानें अनेकांना या छंदाची गोडी लावली. १९०७ सालीं इंग्लंडांत कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला, तेव्हां स्टेबल्स त्याचा एक उपाध्यक्ष झाला.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. एक, ही कुटुंबाची सहल नव्हती. नोकर ज्याच्या दिमतीस आहेत अशा एका सरदारी वृत्तीच्या पुरुषाची ती मौज होती. आणि दुसरी, घर आणि प्रवास यांतील जुना तंटा येथेंच सुरू झाला. दोन टनांचें घर दोन घोड्यांना ओढावयाचें म्हणजे प्रत्येक चढण हा एक प्रश्न होय. मालकाचें सुख जितकें वाढवावें तितका घोड्याचा श्रम वाढतो. घोडा मुका असला तरी थांबतो, आणि तो थांबला कीं मालकाला कळतें. मोटार आल्यावर हें सांगणारा कोणी उरला नाहीं, हीच पुढल्या इतिहासांतील मुख्य अडचण आहे.

१९१९ हें या इतिहासांतील महत्त्वाचें वर्ष समजतात. त्या वर्षीं बर्मिंगहॅम येथील एक्लीस या कारखान्यानें मोटारीमागें जोडावयाच्या कॅराव्हॅन बांधून विकण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षीं अमेरिकेंत फ्लॉरिडा संस्थानांतील टँपा येथें मोटारीनें फिरून उघड्यावर मुक्काम करणाऱ्या लोकांनीं आपला एक संघ काढला. त्याचें नांव 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे पत्र्याच्या डब्याचे प्रवासी. मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर डाग देऊन बसविलेला पत्र्याचा डबा ही त्यांची परस्परांना ओळखण्याची खूण. हे बव्हंशीं साधे लोक होते. त्यांची फोर्डची मॉडेल टी मोटार २० अश्वशक्तीची; तिच्या मागें घर बांधणें शक्यच नव्हतें. म्हणून ते तंबू नेत, किंवा घडी घालतां येण्यासारखा तंबू चाकांवर बसवून तो ओढून नेत.

या चाकांवरच्या तंबूंतूनच कुटुंबाच्या ट्रेलरचा जन्म झाला, आणि त्याला कारण झाला पाऊस. डेट्रॉइट येथें आर्थर शर्मन नांवाचा जंतुशास्त्रज्ञ होता. औषधांच्या एका कारखान्याचा तो प्रमुख. १९२९च्या सुमारास तो असाच एक तंबूचा ट्रेलर घेऊन बायकामुलांसह सहलीस निघाला. कांहीं मिनिटांत उभा राहणारा असें ज्याचें वर्णन जाहिरातींत होतें, तो तंबू भर पावसांत उभा राहतां राहीना. सारें कुटुंब भिजून चिंब झालें. घरीं परतल्यावर शर्मननें एका सुताराकडून ६ फूट रुंद व ९ फूट लांब अशी एक चौकोनी पेटी चाकांवर बांधवून घेतली. तींत शेगडी, बर्फाची पेटी आणि भिंतींना जोडलेलें सामान होतें. मुलांनीं तिला 'कव्हर्ड वॅगन', म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतवाल्यांचा छपराचा गाडा, असें नांव दिलें. १९३० सालच्या आरंभीं डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनांत त्यानें ती मांडली आणि तिच्यासारख्या ११८ पेट्या विकल्या गेल्या. १९३६ सालापर्यंत त्याचा कारखाना अमेरिकेंतील सर्वांत मोठा ट्रेलरचा कारखाना झाला.

जर्मनींत असाच प्रकार निराळ्या कारणानें घडला. आल्प्सच्या पायथ्याशीं इस्नी या गांवीं डेथलेफ्स घराण्याचा चाबूक करण्याचा जुना धंदा होता. पुढें ते बर्फावरून घसरण्याच्या खेळांतल्या काठ्याहि करूं लागले होते. या घरचा तरुण आरिस्ट डेथलेफ्स याला विक्रीसाठीं आठवडेच्या आठवडे बाहेर राहावें लागे. त्याची वाग्दत्त वधू फ्रीडेल एडेलमान ही चित्रकार होती. तुमच्याबरोबर मलाहि येतां यावें आणि वाटेंत चित्रें काढतां यावींत, अशा एका गाडीची तिनें इच्छा प्रगट केली. त्या इच्छेंतून १९३१ सालीं जर्मनींतील पहिली कॅराव्हॅन तयार झाली. घोड्याचा चाबूक करणाऱ्याच्या घरांतून मोटारीचें बिऱ्हाड बाहेर पडावें, यांतील गंमत वाचकांना सांगावयास नको. तिकडे कॅलिफोर्नियांत वॉली बायम या गृहस्थाच्या पत्नीला तंबूंत भुईवर निजणें आवडेना, म्हणून तो या उद्योगाला लागला असें सांगतात. त्याच्या 'एअरस्ट्रीम' कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत 'क्लिपर' ट्रेलर १९३६ सालीं बाजारांत आला. त्याची किंमत १,२०० डॉलर होती.

तात्पर्य, स्टेबल्सची गाडी एका पुरुषाच्या मौजेंतून निघाली, तर कुटुंबाचा ट्रेलर निघाला तो बायकामुलांच्या गरजेंतून. कोरडी जागा, जमिनीपासून वर असलेला बिछाना, जवळ चूल आणि सर्वांनीं बरोबर असणें, एवढ्याच त्या गरजा होत्या. शर्मनच्या पहिल्या पेटींत त्या ५४ चौरस फुटांत भागल्या.

परंतु गरज भागली म्हणजे हांव सुरू होते, हा इतिहासाचा सर्वत्र दिसणारा नियम येथेंहि दिसला. मोटारींचीं इंजिनें जसजशीं जोरदार होत गेलीं तसतसे ट्रेलर लांब, रुंद व जड होत गेले. १९३०च्या दशकाच्या मध्यास रॉजर बॅबसन या प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञानें असें भविष्य वर्तविलें कीं, वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरांत राहूं लागेल. भविष्य खोटें ठरलें. पण दुसऱ्या महायुद्धांत युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांना राहावयास घरें पुरेनात, तेव्हां सरकारनें हजारों ट्रेलर त्यांच्यासाठीं घेतले, आणि सहलीचें वाहन हें गरजूंचें घर बनलें. त्यांत वाईट कांहीं नव्हतें. निवारा नसलेल्याला निवारा मिळाला. मात्र जें घर झालें तें हलेनासें झालें. १९५४ सालीं विस्कॉन्सिनमधील एल्मर फ्राय या कारखानदारानें १० फूट रुंदीचा ट्रेलर काढला. रस्त्यावर सर्वसाधारणपणें ८ फुटांचीच मुभा होती. अधिक रुंद ट्रेलर हलवावयाचा तर खास परवाना लागे. येथून वाटा फुटल्या. एक वस्तु 'मोबाइल होम' या नांवाची झाली. नांवांत चलन राहिलें, पण बहुतेकांचीं चाकें एकदां घेतलेल्या जागेवरून पुन्हां फिरलीं नाहींत. दुसरी वस्तु प्रवासाची राहिली, तिला 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणूं लागले.

या प्रवासाच्या वस्तूचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, हलकेपणाची विद्या तिला पुष्कळदां विमानें बांधणाऱ्यांनीं शिकविली. बायमचा क्लिपर ज्या नमुन्यावरून निघाला तो हॉली बोलस याचा. बोलस हा ग्लायडरें बांधणारा, आणि लिंडबर्गच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या बांधणींतहि त्याचा हात होता. जर्मनींत एरिख बाखेम यानें महायुद्धाच्या अखेरीस अग्निबाणाच्या जोरावर सरळ वर उडणारें एक लढाऊ विमान काढलें होतें. तोच बाखेम १९५७ सालीं बाड वाल्डझे येथील एर्विन हीमर या तरुणाबरोबर कॅराव्हॅन बांधावयास बसला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, आणि मुक्कामावर वर उचलतां येणारें छप्पर. प्रवासांत छप्पर खालीं असल्यामुळें वारा कमी अडे. मुक्कामावर तें उचललें कीं माणूस ताठ उभा राही. या कॅराव्हॅनला बाखेमच्या नांवांतील अक्षरांवरून 'एरिबा' हें नांव पडलें. संहारासाठीं कमावलेली विद्या मुलांना सहलीस नेण्याच्या कामीं आली, ही त्या विध्वंसानंतरची एक समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे.

ज्या देशांत मोटारी दुबळ्या होत्या तेथें हलकेपणा हा आवडीचा प्रश्न नव्हता, निरुपाय होता. पोलंडांत १९७३ पासून फियाट १२६ ही चिमुकली मोटार तयार होऊं लागली. तिचें इंजिन अवघें २३-२४ अश्वशक्तीचें. नीव्ह्याडूफ येथील कारखान्यानें तिच्या बेताचा 'एन-१२६' हा ट्रेलर काढला. मोटारीचा आंकडा ट्रेलरच्या नांवांत घातला. त्याचें रिकामें वजन ४०० किलोपेक्षां कमी होतें. एवढ्याशा घरांत कित्येक पोलिश कुटुंबांनीं उन्हाळे काढले.

अमेरिकेंत मोटारींना बळाची वाण नव्हती. तरी तेथेंहि लहान ट्रेलरची परंपरा तुटली नाहीं. अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचा 'टीअरड्रॉप' हा तिचा सर्वांत गरीब वारस. प्लायवुडची फळी बाजारांत ४ फूट बाय ८ फूट मिळे, म्हणून हा ट्रेलरहि बहुधा ४ फूट रुंद व ८ फूट लांब असे. आंत फक्त निजावयाचें. स्वयंपाकघर पाठीमागें झांकणाखालीं, म्हणजे करणारा बाहेर उघड्यावर उभा. १९४७ सालीं एका लोकप्रिय यांत्रिक मासिकानें त्याचे नकाशे छापले व अनेकांनीं घरच्या आवारांत तो स्वतः बांधला. बायमच्या नेतृत्वाखालीं १९५९ सालीं ४१ ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून निघून पुढील वर्षीं कैरोस पोंचला. त्यानंतर १९६१ सालीं त्याच्या कंपनीनें १६ फुटांचा, एकाच आंसाचा, सुमारें १,९०० पौंडांचा 'बँबी' काढला. हें नांव त्या प्रवासांत ऐकलेल्या एका आफ्रिकन हरणाच्या नांवावरून घेतलेलें आहे. १९६८ सालीं कॅनडांतील विनिपेग येथें रे ओलेको यानें फायबरग्लासचा १३ फुटी 'बोलर' केला. फायबरग्लासच्या मलकुंड्या बनविण्याचा त्याला अनुभव होता. वरचा अर्धा व खालचा अर्धा असे दोन भाग सांच्यांत घडवून, कमरेशीं जोडून तो तयार होई. जुन्या ट्रेलरांत लांकडी सांगाड्यावर पत्रे ठोकलेले असत. सांध्यांतून पाणी मुरे व लांकूड आंतून कुजे. बोलरच्या छपराला सांधाच नाहीं. वजन हजार पौंडांच्या आंत. त्याच वळणाचे ट्रेलर पुढें मिनेसोटांत 'स्कँप' या नांवानें निघूं लागले.

आतां या इतिहासांतून पुतण्याला सांगण्यासारखें काय निघतें तें पाहूं.

पहिली गोष्ट अशी कीं, घराचें माप घरांत बसून ठरवावयाचें नसतें. तें ओढणाऱ्याकडे पाहून ठरवावयाचें असतें. मोटारीच्या कारखान्यानें ओढण्याची जी मर्यादा लिहून दिली असेल ती शेवटची. ब्रिटनमध्यें नवख्या माणसाला असें सांगतात कीं, सामानानें भरलेल्या कॅराव्हॅनचें वजन मोटारीच्या वजनाच्या शेंकडा ८५ पेक्षां अधिक असूं नये. इंजिनानें ओढलें म्हणजे झालें, असें कित्येकांना वाटतें. परंतु ओढणें सोपें, थांबविणें अवघड. उतारावर मागचें घर पुढच्या मोटारीला ढकलूं लागलें म्हणजे कोण कोणाला नेतो आहे हा प्रश्न पडतो. सपाटीवर वजनापेक्षां छातीची रुंदी व उंची अधिक जाचते, कारण तितका वारा कापावा लागतो. म्हणून बाखेमचें खालीं बसणारें छप्पर ही नुसती चतुराई नव्हती.

दुसरी गोष्ट, विकणारा सांगतो तें वजन रिकाम्या घराचें असतें, आणि रिकाम्या घरांत कोणी राहत नाहीं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टांकी भरली कीं एक क्विंटल भार चढला. त्यांत गॅसची नळकांडी, शिधा, भांडीं, अंथरुणें, मुलांचीं पुस्तकें व खेळणीं मिळवावींत. म्हणून भरल्या ट्रेलरचें जास्तींत जास्त वजन म्हणून कारखान्याच्या पट्टीवर जो आंकडा असतो तो पाहावा, रिकाम्या वजनाचा नव्हे. लांबीचेंहि तसेंच आहे. १३ फूट म्हणतात त्यांत पुढची दांडी धरलेली असते. आंतली खोली १० फुटांच्या जवळपासच भरते.

तिसरी गोष्ट आपल्याकडील कोणताहि गाडीवान सांगेल. बैलगाडींत मागें भार अधिक झाला कीं गाडी उलाळ होते. जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें आणि बैलांचा ताबा सुटतो. ट्रेलरचेंहि हेंच. आंसाच्या मागें जड सामान भरलें तर आंकड्यावरचा दाब कमी होतो, आणि वेग वाढतांच ट्रेलर सापासारखा डावीउजवीकडे झोंके घेऊं लागतो. असे झोंके घेत गाड्या उलटतातहि. म्हणून अमेरिकेंत भरल्या वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार आंकड्यावर यावा असें मानतात. जड वस्तु आंसाजवळ व खालीं, हलक्या वर, हा नियम आपल्या शेतकऱ्याला कोणत्याहि पुस्तकावांचून ठाऊक आहे.

येथपर्यंतचें सारें पुतण्याच्या बाजूचें झालें. आतां सूनबाईंची बाजू. तिच्या प्रश्नांत शर्मनचा पाऊस आहे, आणि तो पाऊस नसता तर हा इतिहासच घडला नसता. लहान घराचें कौतुक करणारे बहुधा तें घर चालविणारे नसतात. रोज सायंकाळीं जेवणाचें मेज मोडून त्याचा बिछाना करावयाचा, सकाळीं बिछाना मोडून पुन्हां मेज मांडावयाचें, ओले कपडे कोठें वाळवावयाचे याची विवंचना वाहावयाची, आणि एकाला चुलीपर्यंत जाण्यासाठीं तिघांनीं पाय वर घ्यावयाचे, हे कष्ट कोणाच्या वांट्याला येतात हें प्रत्येक कुटुंबांतील पुरुषानें प्रामाणिकपणें आठवून पाहावें. प्रवास सुखाचा व्हावयाचा तर तो सर्वांच्याच सुखाचा झाला पाहिजे. एकानें रान पाहावें आणि दुसरीनें भांडीं, याला सहल म्हणतां येणार नाहीं.

म्हणून मीं पुतण्याला लिहिलें तें असें: "मोठ्यांतला मोठा ट्रेलर किती असावा हें तुमची मोटार ठरवील, आणि लहानांतला लहान किती असावा हें पाऊस ठरवील. दिवसभर पाऊस पडत असतां चौघांनाहि एका वेळीं बसतां येईल, मुलांचे बिछाने न मोडतां मेज उभें ठेवतां येईल, आणि एकाला उभें राहून चहा करतां येईल, ही कसोटी. या दोन मर्यादांच्या मध्यें जे ट्रेलर येतील त्यांतला सर्वांत हलका घ्यावा. माझ्या समजुतीप्रमाणें तो १३ फुटांचा नसेल व २५ फुटांचाहि नसेल; १६-१७ फुटांच्या आसपास कोठें तरी तो सांपडेल. विकत घेण्यापूर्वीं तसाच एक ट्रेलर आठवडाभर भाड्यानें घ्यावा, आणि शक्य तर पावसाच्या दिवसांतच घ्यावा. त्या आठवड्यांत मेज मोडण्याचें व मांडण्याचें काम तूं करावेंस."

अधिक घेण्याची ऐपत असतांहि पुरेसें तेवढेंच घेणें, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. स्टेबल्सपासून फ्रायपर्यंतचा इतिहास हा पुष्कळ अंशीं ती न साधल्याचा इतिहास आहे. जितकें घर बरोबर न्यावें तितका प्रवास कमी होतो. आणि घर मुळींच न नेलें तर लहान मुलांना घेऊन प्रवासच घडत नाहीं. या दोहोंमधली वाट ज्याची त्याला आपल्या माणसांकडे व आपल्या मोटारीकडे पाहून शोधावी लागते. विंचवाला हा प्रश्न पडत नाहीं, कारण आपल्या पाठीला किती पेलतें हें त्याला उपजतच ठाऊक असतें. माणसाला तें वजन करून पाहावें लागतें.

पुतण्याचें उत्तर आलें आहे. त्यानें भरल्या सामानाची यादी करून प्रत्येक वस्तु काट्यावर घातली, आणि निम्मी यादी सूनबाईंनीं आपण होऊन खोडली, असें तो लिहितो. ट्रेलर अद्याप घेतलेला नाहीं. भाड्याचा मात्र ठरला आहे, सोळा फुटी, आणि ज्या आठवड्यांत पाऊस हमखास पडतो असा आठवडा सूनबाईंनीं निवडला आहे.